जपानची खास सहल : माप आपण द्यावे, मगच कापड कापू द्यावे



पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या चौकशा ठरलेल्या असत. जातीच्या दाखल्याला कोणती कागदपत्रे लागतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, फंडाचे पैसे किती दिवसांत मिळतात. त्या चौकशा आजही येतात आणि येतच राहणार. पण अलीकडे त्यांत एक नवीन चौकशी मिसळली आहे. लेक चांगल्या नोकरीत आहे, तिला आईवडिलांना जपान दाखवायचा आहे. एका ट्रॅव्हल कंपनीने ‘फक्त तुमच्यासाठी आखलेली लक्झरी सहल, उतरल्यापासून परतेपर्यंत खाजगी गाडी’ असा गुळगुळीत कागद हाती दिला आहे. पैसे भरावेत काय?

ह्यावर दोन प्रकारची माणसे लगेच बोलून मोकळी होतात. एक म्हणतात, “चाळीत पाणी दोन तास येते आणि ह्यांना जपान सुचतो!” दुसरे म्हणतात, “आयुष्यात एकदाच जायचे, मग कर्ज काढा पण थाटात जा.” आम्हांला दोघांचेही म्हणणे पटत नाही. ज्या बाईने तीस वर्षे पहाटे उठून रस्ते झाडले, ज्या बापाने गोदीत नाहीतर गिरणीत रात्रपाळ्या काढल्या, त्यांनी म्हातारपणी मऊ आसनावर बसून चार गावे पाहिली तर त्यात कोणाचे काय बिघडले? आराम ही काही ठराविक घरांची मिरास नव्हे. मात्र आपण विकत घेतो आहोत तो आराम आहे की नुसता देखावा, एवढे तपासून घेतलेच पाहिजे; कारण त्या नोटांना घामाचा वास आहे. म्हणून आजच्या लेखात हिशेबाची वही उघडून बसू.

जपानच कशासाठी?

सिंगापूर, दुबई जवळ आहेत आणि स्वस्तही आहेत. तरी आपल्या लोकांची ओढ जपानकडे आहे, आणि ती उगीच नाही. जपानमध्ये जन्मलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात नागपुरात आले आणि आपलेच होऊन राहिले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानी उपासिकेच्या दानातून उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांनी ते सहकुटुंब पाहिले आहे. जिथून ही माणसे आली तो देश पाहावा, असे वाटणे साहजिक आहे.

पण नाते ह्याहून पुष्कळ जुने आहे. नारा शहरातील तोदाईजी विहारात काशाची महाकाय बुद्धमूर्ती आहे, उंची सुमारे १५ मीटर. इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन समारंभ झाला. त्या दिवशी कुंचला हाती घेऊन मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान ज्या भिक्षूला मिळाला तो भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. चीनमार्गे तो ७३६ साली जपानला पोहोचला होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हाती धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सर्वांचा हात लागावा. तो कुंचला नाराच्या शोसोइन भांडारात आजही जतन केलेला आहे. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या देशाचा एक भिक्षू इतक्या दूर जाऊन हे काम करून गेला, हे आपल्या मुलांना कोणत्या शाळेत शिकवतात?

आणि दुसरे ठिकाण तर आपल्या काळातले. वाकायामा प्रांतात कोयासान नावाचा डोंगर आहे. कूकाई, म्हणजेच कोबो दाईशी, ह्या आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये तिथे विहारांची वसाहत सुरू केली. आज तिथे विद्यापीठही आहे. त्या कोयासान विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. जपानच्या डोंगरावर बाबासाहेब उभे आहेत, हे ऐकून ज्या म्हातारीचे डोळे भरून येतात तिला तिथे नेणे ही चैन नव्हे, असे आम्हांला वाटते.

आता गंमत पाहा. चौकशीसाठी आलेले जे दोन-चार कागद आम्ही वाचले, त्यांत टोकियोची उंच इमारत होती, डिस्नेलँड होते, खरेदीचा अख्खा दिवस होता. नाराला ‘हरणांचे उद्यान’ म्हणून दीड तास दिला होता. बोधिसेनाचे नाव नव्हते. कोयासान एकाही कागदात नव्हते. आणि वर ठळक अक्षरांत छापले होते, ‘फक्त तुमच्यासाठी’.

माप दिल्याशिवाय सदरा बेतता येत नाही

शिंप्याकडे जाऊन “चांगला सदरा शिवा” एवढेच सांगितले तर तो कोणाच्या मापाचा शिवणार? ह्या सहलींचेही तसेच आहे. कंपनीला आपण कोण हे माहीत नसते. म्हणून कंपनीचा कागद वाचण्याआधी आपला कागद लिहून काढावा. तो घरातल्या सर्वांनी बसून लिहावा, आणि ज्यांच्यासाठी सहल आहे त्यांना आधी बोलू द्यावे. आपल्या घरांत आईला विचारले तर ती म्हणते, “तुम्ही न्याल तिथे येईन.” तेवढ्यावर थांबू नये.

कागदावर काय लिहावे? पहिले, शरीर. गुडघे किती चालू देतात, किती पायऱ्या चढवतात, दर किती वेळाने लघवीला जावे लागते, मधुमेह आहे काय, जमिनीवर बसून उठता येते काय. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. जपानी पद्धतीच्या र्‍योकानात आणि विहाराच्या निवासात पुष्कळदा जमिनीवर गादी घालून झोपतात, जेवणही बुटक्या मेजापुढे असते. गुडघेदुखीच्या माणसाला ती रात्र शिक्षेची होईल. खाट आणि खुर्ची असलेली खोली मागितली तर अनेक ठिकाणी मिळते. पण आधी मागावी लागते.

दुसरे, गोंदण. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण कोणत्याही कंपनीच्या डोक्यात हे येणार नाही. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातावर, कपाळावर गोंदण असते. जपानमध्ये अंग गोंदण्याचा संबंध गुंड टोळ्यांशी जोडला गेला, त्यामुळे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहांत, ज्यांना ओनसेन म्हणतात, गोंदलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी मज्जाव असतो. आपल्या आजीचे गोंदण आणि तिथल्या गुंडांचे गोंदण ह्यांचा काही संबंध नाही, पण दारावरच्या माणसाला ते कसे कळावे? शिवाय ओनसेनमध्ये कपडे न घालता, स्त्रियांनी स्त्रियांत व पुरुषांनी पुरुषांत, एकत्र स्नान करायचे असते. आपल्या बायकांना ते रुचणारे नाही. उपाय सोपा आहे. खोलीलाच जोडलेले स्नानकुंड असलेली, किंवा तासाभरासाठी कुटुंबाला स्वतंत्र कुंड देणारी जागा निवडावी. ती महाग पडते. पण लक्झरी ह्या शब्दावर पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे खर्चावेत. आयुष्यभर चाळीच्या मोरीत बादलीभर पाण्याने अंघोळ केलेली माउली दार लावून, कोणाची भीड न बाळगता, गळ्याएवढ्या गरम पाण्यात अर्धा तास बसली, तर तिच्या सांध्यांना जे वाटेल त्याची किंमत सोन्याचा नळ लावलेल्या हॉटेलात मिळणार नाही.

तिसरे, दर्शनाची यादी. तोदाईजी, होर्युजी, कामाकुरा, कोयासान, जे हवे ते नावानिशी लिहावे आणि प्रत्येकापुढे किती तास हवेत तेही लिहावे. एक गोष्ट आधी घरात समजावून ठेवावी. नाराची मूर्ती वैरोचन बुद्धाची आणि कामाकुराची उघड्या आकाशाखालची मूर्ती अमिताभ बुद्धाची आहे. ही महायान परंपरेतील बुद्धरूपे होत. आपल्या शाक्यमुनींचे दर्शन होर्युजीत घडते. तिथल्या मुख्य विहारातील शाक्यमुनी व दोन बोधिसत्त्वांच्या मूर्ती इ. स. ६२३ च्या आहेत, आणि तिथल्या लाकडी वास्तू जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी वास्तू मानल्या जातात. तिथले विधी, पोशाख, पूजेची रीत आपल्यापेक्षा निराळी आहे. हे आधी ठाऊक असले म्हणजे तिथे जाऊन “हे कसले बौद्ध?” असा प्रश्न पडत नाही.

चौथे, काळ. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर आणि नोव्हेंबरात लाल पानांचा हंगाम असतो. तेव्हा हॉटेलांचे दर चढतात आणि क्योटोचे रस्ते तुंबतात. २९ एप्रिल ते ५ मे ह्या दिवसांत सारा जपान सुट्टीवर असतो. जून-जुलैत पाऊस, ऑगस्टमध्ये उकाडा, सप्टेंबरात वादळे. हिवाळ्यात कोयासानवर बर्फ. म्हाताऱ्या माणसांसाठी मे महिन्याचा मध्य किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध बरा. दीक्षाभूमीचा सोहळा आटोपून निघता येईल. तिथे बुद्धजयंती ८ एप्रिलला असते. वैशाखी पौर्णिमेचा सोहळा तिथे पाहू असे कोणी मनात धरले असेल तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गाडी कुठे हवी, कुठे नको

आता मुख्य प्रश्न खाजगी गाडीचा. गाडी म्हणजे मान, हे आपल्या मनात खोल बसले आहे. रेल्वेने, बसने आयुष्यभर लोंबकळत गेलेल्या माणसाला दारात गाडी उभी राहणे म्हणजे काय वाटते हे आम्ही जाणतो. पण जपानमध्ये सर्व प्रवास गाडीने करणे म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त वेळ बसणे होय.

टोकियो ते क्योटो हे अंतर घ्या. रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर. सहा तास आणि थांबे निराळे. हेच अंतर १९६४ पासून धावणारी शिनकान्सेन, जिला आपण बुलेट ट्रेन म्हणतो, सव्वादोन तासांत पार करते. गाडीतल्या आसनाहून प्रशस्त आसन, डब्यात स्वच्छतागृह, उठून चार पावले चालण्याची सोय. मधुमेही माणसाला ह्याहून दुसरी लक्झरी कोणती? स्थानकांवर उद्वाहने आहेत, आधी कळवल्यास चाकांच्या खुर्चीची मदत मिळते. सामानाची चिंता असेल तर मोठ्या बॅगा हॉटेलातूनच पुढच्या हॉटेलात पाठवण्याची सेवा तिथे सर्रास आहे, तिला ताक्युबिन म्हणतात. बहुधा दुसऱ्या दिवशी बॅगा पोहोचतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधे मात्र हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग बरोबरच न्यायची असेल, तर लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून अधिक असणाऱ्या बॅगेसाठी ह्या गाडीत २०२० पासून जागा आधी राखून ठेवावी लागते.

टोकियो आणि क्योटो शहरांच्या आतही दिवसभर गाडी उभी करून ठेवण्यात अर्थ नाही. वाहनतळ महाग, गल्ल्या अरुंद. टॅक्सी हात केल्यावर मिळते, स्वच्छ असते, मीटरने चालते. तिचे मागचे दार चालक आतूनच उघडतो आणि लावतो. आपण ओढाताण करू नये.

मग खाजगी गाडी हवी कुठे? जिथे गाडी बदलत जावे लागते आणि प्रत्येक बदलाला गुडघे मोजावे लागतात, तिथे. कोयासान हे त्याचे उत्तम उदाहरण. ओसाकाहून रेल्वेने जायचे तर आधी रेल्वे, मग डोंगर चढणारी केबल कार, मग वर बस. तरुणांना मजा वाटेल. सत्तरीच्या माणसाला नको होईल. ओसाकाहून गाडी सुमारे दोन तासांत थेट विहाराच्या दाराशी नेते. वर ओकुनोइन ही दोन लाखांहून अधिक समाध्यांची स्मशानभूमी उंच देवदारांसारख्या वृक्षांखाली पसरली आहे. तिची पूर्ण वाट दोन किलोमीटरांची, पण नाकानोहाशीच्या वाहनतळाकडून गेल्यास ती जवळपास निम्मी होते. विद्यापीठाच्या आवारातही गाडी असली म्हणजे सहज जाता येते. येणार असल्याचे मात्र विद्यापीठाला आधी कळवून ठेवावे. नारा आणि होर्युजी एकाच दिवसात पाहायचे, तर तिथेही गाडी उपयोगी. कामाकुराच्या गर्दीच्या लोकलपेक्षा गाडी सुखाची. आणि परतीच्या दिवशी कोयासानवरून थेट कान्साई विमानतळावर उतरायला गाडीसारखे साधन नाही. म्हणून विमानाचे तिकीट टोकियोत उतरून कान्साईहून परतण्याचे काढावे. उलटे टोकियोला जाण्याचा एक दिवस आणि भाडे वाचते.

एवढे मात्र लक्षात असू द्यावे की गाडी विहाराच्या फाटकापर्यंतच नेते. तोदाईजीच्या आत चालावेच लागते. तेव्हा निघण्यापूर्वी दोन महिने रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लागा, हा आमचा फुकटचा सल्ला.

आकडे मांडून पाहू

चार माणसांचे कुटुंब, आठ दिवस. चालकासह दहा तासांच्या गाडीचे हिशेबापुरते दिवसाला ८०,००० येन धरू. शंभर येनचे ६० रुपये धरू. भाव थोडा कमी असला तर ते आपल्या फायद्याचेच.

आठही दिवस गाडी घेतली तर ६,४०,००० येन, म्हणजे ३,८४,००० रुपये. शिवाय टोकियोची गाडी क्योटोला नेली तर चालकाचा मुक्काम आणि त्याचा रिकामा परतीचा प्रवास बहुधा आपल्याच बिलात येतो, तो निराळा.

आता दुसरी रीत. कामाकुरा, नारा-होर्युजी, कोयासानला जाणे आणि कोयासानहून विमानतळ, असे चार दिवस गाडी : ३,२०,००० येन. टोकियो ते क्योटो शिनकान्सेन, माणशी सुमारे १४,००० प्रमाणे चौघांचे ५६,००० येन. उरलेल्या चार दिवसांच्या टॅक्सीला रोज १०,००० प्रमाणे ४०,००० येन. एकूण ४,१६,००० येन, म्हणजे २,४९,६०० रुपये. फरक १,३४,४०० रुपयांचा. ह्या पैशांत स्नानकुंडाच्या खोलीचा जादा खर्च निघेल, चौघांचा प्रवास विमा निघेल आणि उरलेले घरी परत येतील. आराम कमी झाला काय? उलट सहा तासांचा रस्ता वाचला.

काही जण रेल्वेचा सात दिवसांचा पास सुचवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. वरच्यासारख्या एकमार्गी सहलीला तो परवडत नाही. साधे तिकीटच काढावे.

पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा

तोंडी आश्वासनाला कचेरीत काय किंमत असते हे आपणांस सांगायला नको. पुढील गोष्टी कागदावर घ्याव्यात.

(१) गाडीचे तास कधी सुरू होतात? आपण बसल्यापासून, की गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून? जादा तासाचा दर काय?

(२) महामार्गाचा टोल, वाहनतळ, चालकाचे जेवण व मुक्काम दरात धरले आहे काय?

(३) गाडी कोणती? सात आसनांच्या गाडीत मोठ्या बॅगांसह चार-पाचच माणसे नीट बसतात. बरोबर सहा वर्षांखालील मूल असेल तर बालआसन मागून घ्यावे.

(४) गाडीची पाटी हिरवी आहे काय? जपानमध्ये भाड्याने माणसे नेण्याचा परवाना असलेल्या गाडीच्या पाटीचा रंग हिरवा आणि अक्षरे पांढरी असतात. पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीने पैसे घेऊन प्रवासी नेणे बेकायदा आहे. “ओळखीचा माणूस आहे, निम्म्यात नेतो” असे कोणी म्हटले तर नमस्कार करावा. अपघात झाला तर विम्याचा वाद परदेशात कोण निस्तरणार?

(५) चालक इंग्रजी जाणतो काय? चालक म्हणजे मार्गदर्शक नव्हे. तो गाडीपाशी थांबतो. मार्गदर्शक हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात. २०१८ पासून परवाना नसलेल्यालाही पैसे घेऊन मार्गदर्शन करता येते, म्हणून तो सरकारी परवानाधारक आहे काय हे विचारावे. आमच्या मते नारा-होर्युजीच्या एका दिवसापुरता तरी मार्गदर्शक घ्यावा आणि त्याला बोधिसेनाविषयी आधीच कळवावे.

(६) व्हिसा नाकारला गेला, आजारपण आले, तर किती पैसे परत, किती दिवसांत? व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल अशीच बुकिंगे ठेवावीत.

(७) टीसीएस किती कापणार? परदेश सहलीच्या पॅकेजवर हा कर कंपनी आगाऊ घेते. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा विचारावा. हा पैसा बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याच्याच नावाने पैसे भरावेत; निवृत्त वडिलांच्या नावाने भरून मग परताव्याकडे दुर्लक्ष करू नये.

औषधांचेही एक सांगून ठेवतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे महिनाभर पुरतील इतकीच, चिठ्ठीसह न्यावीत. जास्त न्यायची तर जपान सरकारची आगाऊ परवानगी लागते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन व कोडीन ह्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत, तेव्हा घरातली बाटली न वाचता बॅगेत टाकू नये. मटण-चिकनचे कोणतेही पदार्थ नेण्यास मनाई आहे. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

गाडी चालवणारा माणूस

आपण कामगारांची घरे आहोत, म्हणून हेही लिहितो. जपानमध्ये चालकाच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२४ पासून ती अधिक कडक झाली. “पैसे मोजले आहेत, रात्री अकरापर्यंत फिरव” असे तिथे चालत नाही, आणि चालू नये हेच योग्य. आठ तासांच्या कामासाठी बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना काय केले हे जाणणाऱ्या समाजाने दुसऱ्या देशातल्या कामगाराला बारा तास राबवण्यात मोठेपणा मानू नये. ठरल्या वेळी पाच मिनिटे आधी खाली उतरावे, त्याच्या जेवणाची वेळ सांभाळावी. तिथे बक्षिसी देण्याची रीत नाही. दिली तर त्याला अवघडल्यासारखे होते. निरोप घेताना वाकून आभार मानावेत, तेवढे पुरे. विहारात मुक्काम असेल तेव्हा संध्याकाळी पाचच्या आत पोहोचावे, कारण तिथे जेवण लवकर असते आणि पहाटेच्या वंदनेला उठावे लागते.

आणि कर्जाचे काय?

आम्ही स्पष्ट सांगतो, सहलीसाठी कर्ज काढू नये. पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे ११,६३४ रुपये हप्ता बसतो आणि अखेरीस जवळपास ६ लाख ९८ हजार भरावे लागतात. म्हणजे सुमारे दोन लाख रुपये नुसते व्याजाचे. तेवढ्यात भावाच्या मुलीचे शिक्षण होते. वडिलांच्या ग्रॅच्युइटीलाही हात लावू नये. ती त्यांच्या दवाखान्याची रक्कम आहे, आणि सहलीला नेतो म्हणून ती मागून घेणे हा तर उलटा व्यवहार झाला.

त्यापेक्षा हाच हप्ता स्वतःच्या नावाने आवर्ती ठेवीत भरावा. दरमहा ११,६३४ रुपये टाकले तर तीन वर्षांत, व्याज न धरताही, ४,१८,८२४ रुपये जमतात. दोन भावंडांनी मिळून टाकले तर निम्मा काळ लागेल. तीन वर्षे थांबण्याइतका वेळ आईवडिलांच्या तब्येतीत नसेल, तर सहल लहान करावी. टोकियो सोडून द्यावे. थेट कान्साईला उतरावे, नारा, होर्युजी, कोयासान असे पाच दिवस करावेत, तीन दिवस गाडी घ्यावी, आणि परतावे. बोधिसेन आणि बाबासाहेब ह्या दोघांचीही भेट त्यात होते. राहिला फक्त उंच इमारतीवरून काढलेला फोटो.

तेव्हा कंपनीच्या माणसापुढे बसाल तेव्हा आधी आपला कागद पुढे ठेवा आणि मग त्याचा वाचा. आपल्या यादीतल्या नावांवर त्याचा चेहरा कोरा राहिला आणि तो पुन्हा डिस्नेलँडकडे वळला, तर उठून दुसऱ्याकडे जावे. पैसे आपले आहेत, माप आपले आहे आणि ज्यांना न्यायचे ती माणसेही आपली आहेत.

जय भीम.